सोक्कनचा दावा

वकिलीत आणि पुढे मध्यस्थ म्हणून माझ्यासमोर नाना तऱ्हेची माणसं बसली. पण ज्याला कार्यालयाच्या दारातून आत घेणं शक्य नव्हतं आणि म्हणून मीच उठून ज्याच्या घरी गेले, असा पक्षकार एकच. त्याचं नाव सोक्कन. पापनाशमजवळच्या एका खेड्यातला वळू. कागदोपत्री तो पक्षकार नव्हता, पण सगळं भांडण त्याच्या मानेवरून होतं.

मध्यस्थीत ऐकलेलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून दोन्ही बाजूंना विचारून हे लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. वळूचं नाव बदलायला मात्र त्याच्या मालकानं साफ नकार दिला.

आणखी एक खुलासा. आम्ही तंजावूरचे मराठी. राजवाड्यामागच्या गल्लीत राहतो, घरात मराठी बोलतो, रस्त्यावर तमिळ, कोर्टात इंग्रजी, आणि रागावलो की तिन्ही. माझ्या नातवाला माझं मराठी सगळं कळतं, उत्तर तो तमिळमध्ये देतो. देवनागरी मी शाळेतल्या संस्कृतच्या जोरावर लिहिते. संपादकांनी माझे ‘तेथें’ आणि ‘मजला’ काढून टाकले आहेत, तेव्हा भाषा चकचकीत वाटली तर श्रेय त्यांचं.

मध्यस्थ म्हणजे न्यायाधीश नव्हे. मला निकाल देता येत नाही, कुणाला गप्प बसवायचा अधिकारही नाही. कोर्टाला किंवा ग्राहक आयोगाला वाटलं की हे भांडण बोलून मिटेल, तर ते आमच्याकडे पाठवतात. आम्ही दोघांना एकत्र बसवतो, मग एकेकाला वेगळं बसवतो, मग पुन्हा एकत्र. मधल्या वेळात कॉफी. जमलं तर करारावर सह्या, नाही जमलं तर फाइल परत. माणूस जे मागतो आणि त्याला जे हवं असतं, यांत अंतर असतं. ते अंतर शोधायचं, एवढाच आमचा धंदा.

एका लग्नाच्या फोटोग्राफरची गोष्ट सांगते. ऐन ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधण्याच्या क्षणी त्यानं नेमका आचाऱ्याचा फोटो काढला. वधूपक्ष भरपाई मागत होता. वेगळं बसवल्यावर वधूची आई म्हणाली, “अम्मा, भरपाईचं राहू द्या. त्या क्षणी मी रडले होते, ते कुणाला दिसलंच नाही.” मग दोन्ही घरं त्याच कपड्यांत पुन्हा जमली, भटजी आले, ताली पुन्हा बांधली गेली आणि आई पुन्हा रडली. या वेळी फोटो निघाला. जावई म्हणे फार वैतागला होता, पण तो पक्षकार नव्हता.

आता सोक्कन.

त्याचे मालक तंगवेल, साठीचे शेतकरी. भाताची बरी शेती, भरघोस मिशा, आवाज असा की एकांत बैठकीतलं त्यांचं बोलणं व्हरांड्यात ऐकू यायचं. त्यांनी डॉ. मलर या तिशीतल्या खाजगी पशुवैद्य बाईंविरुद्ध तक्रार केली होती. डॉक्टर पापनाशमच्या आसपास स्कूटरवर फिरायच्या, मागे बर्फाची पेटी बांधलेली. सरकारी लस गावात फुकट मिळते. पण फुकटची लस सोक्कनला द्यायची म्हणजे अपमान, म्हणून तंगवेलांनी लाळ्या-खुरकुताची लस विकत आणवून डॉक्टरबाईंकडून मानेत टोचून घेतली. टोचल्या जागी गाठ आली. तक्रारीचं म्हणणं असं, की त्या सुईनं वळूचं तेज गेलं आणि तो पोंगलच्या जल्लिकट्टूत उभा राहिला.

उभा राहिला यात काय बिघडलं, असं महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल. जल्लिकट्टूत वळूला एका अरुंद दारातून मैदानात सोडतात. पुढे पोरांचा घोळका असतो. एखाद्यानं वशिंडाला मिठी मारून थोडं अंतर तग धरला तर पोरगा जिंकला, सगळ्यांना झटकून वळू पार गेला तर वळू जिंकला. बक्षीस मालकाच्या घरी जातं. सोक्कन आजवर कुणाच्या हाती लागला नव्हता. तंगवेलांच्या घरात सायकली, पंखे, ग्राइंडर आणि भिंतभर घड्याळं होती. ती सगळी सोक्कनची कमाई, आणि प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवायचं.

त्या दिवशी सोक्कन दारातून बाहेर आला आणि थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पोरंही गोंधळली. उभ्या वळूला मिठी मारण्यात कसला पराक्रम, म्हणून कुणी हात लावेना. लाउडस्पीकरवरचा निवेदक म्हणाला, “वळूला वाट सापडत नाहीये, कुणीतरी पत्ता सांगा रे.” हजारो लोक हसले. मग सोक्कन सावकाश चालत कुंपणाकडे गेला. कुणीतरी हे मोबाइलवर टिपलं, मागे अंगाईगीत लावलं आणि सोडून दिलं. संध्याकाळपर्यंत ते पार मदुरैपर्यंत पोचलं.

फाइल वाचताना मला एक गंमत दिसली. पहिल्या नोटिशीत ती गाठ लिंबाएवढी होती, तक्रार अर्जात नारळाएवढी झाली, आणि पहिल्या बैठकीत तंगवेलांनी दोन्ही हात पसरून दाखवली तेव्हा तिचा फणस झाला होता.

डॉ. मलर वकिलाशिवाय आल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, “गाठ आली हे खरं. काही जनावरांना येते, थोडे दिवस राहते, विरते. ताप येतो, जनावर मलूल होतं, तेही दोन-तीन दिवस. स्वभाव बदलत नाही. हा वळू मुळातच शांत असेल.”

“शांत?” तंगवेल खुर्चीतून उठले. “मागच्या महिन्यात त्यानं दूधवाल्याला कौलांवर चढवलं. विचारा जाऊन. तो अजून आमच्याकडे मागच्या दारानं येतो.”

त्यांच्या तरुण वकिलानं डोळे मिटले. मी हळूच विचारलं, “मागच्या महिन्यात म्हणजे सुईनंतर?”

तंगवेल बसले. म्हणाले, “ते किरकोळ चढवणं होतं.”

पुढच्या दोन्ही बैठकांत हेच झालं. वळू बिघडलाय असं सिद्ध करायला आलेला हा माणूस, त्याला कुणी मवाळ म्हटलं की त्याच्या पराक्रमाचे ताजे दाखले द्यायचा. वकील मला बाहेर म्हणाला, “मॅडम, माझ्या अशिलाला बोलू न देता मध्यस्थी करता येते का?”

हसण्यावारी न्यायची नाही अशी गोष्ट पुढे होती. ती डॉक्टरबाईंनी एकांत बैठकीत सांगितली. त्या व्हिडिओनंतर त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणं बंद झालं होतं. तेवढंच असतं तर एक वेळ चाललं असतं. पण लोक फुकट सरकारी लसही घेऊ देईनात. “सुईनं वळूची बकरी होते, असं बायका विहिरीवर बोलतात. पावसाळ्याच्या तोंडावर लाळ्या-खुरकूत आला तर गाईंच्या तोंडात फोड येतील, खुरं सडतील, वासरं मरतील. मला यांच्याशी भांडायचं नाही, अम्मा. पण मी एक रुपया जरी दिला, तरी सुईनं वळू बिघडला असं मीच कबूल केल्यासारखं होईल.”

तंगवेलांचं एकांतातलं म्हणणं असं, “मी अर्ज मागे घेतला तर लोक म्हणतील, सोक्कन घाबरला. तो घाबरला नव्हता.”

“मग काय झालं होतं?”

“सुई,” ते म्हणाले. पण हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच हळू आवाजात उच्चारला होता.

अशा वेळी आम्ही फाइल परत करतो. मी केली नाही. दोन्ही बाजूंची संमती घेऊन मी वळू पाहायला निघाले. आमचे हे म्हणाले, “जातेस तर जा, पण लाल नेसू नको.” मी पांढऱ्या-निळ्या काठाची सुती साडी नेसले, तांदळाच्या पेजेची खळ घातलेली, कडक.

पापनाशमच्या बसमधून उतरले तर तंगवेल आणि त्यांचा वकील न्यायला आले होते. अंगणात सोक्कन कडुनिंबाला बांधलेला. काळाभोर, वशिंड माझ्या डोक्याच्या वर. मी ओट्याच्या कडेला उभी राहिले. तंगवेल माझ्याकडे आणि वळूकडे आळीपाळीनं पाहत होते. त्यानं अंगावर यावं की येऊ नये, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नव्हतं. सोक्कननं मान लांब केली, माझा पदर हुंगला आणि खाऊ लागला. पेजेची खळ त्याला आवडली होती.

“असं तो कधी करत नाही,” तंगवेल शरमून म्हणाले.

“सुईमुळे?” मी पदर ओढत विचारलं.

तंगवेलांच्या बायकोनं, सेल्वीनं, येऊन वळूच्या तोंडातून पदर सोडवला. शांत, कमी बोलणारी बाई. म्हणाली, “त्याला भातच आवडतो, अम्मा.”

तेवढ्यात लांबून स्कूटरचा आवाज आला. डॉक्टरबाई मान तपासायला येणार होत्या. स्कूटर अजून वळणावरही नव्हती, पण सोक्कनचे कान उभे राहिले. पदर खाणारा तो प्राणी बघता बघता दुसराच कुणी झाला. डोकं खाली, पुढच्या पायानं माती उकरणं, नाकातून फुत्कार. डॉक्टरबाई फाटकातून आत आल्या आणि दावं तुटलं.

पुढचं सगळं एकदमच घडलं. डॉक्टरबाई सवयीनं विहिरीच्या कठड्यामागे गेल्या. तरुण वकील पेंढ्याच्या गंजीवर दिसला, कसा चढला ते त्यालाही सांगता आलं नाही. सेल्वीनं मला दारात ओढलं. आणि तंगवेलांचा चेहरा. कितीतरी महिन्यांत तो माणूस एवढा आनंदी झाला नसेल. “पाहिलंत? पाहिलंत, अम्मा? हा माझा सोक्कन.”

गंजीवरून वकील म्हणाला, “दावा गेला.”

तंगवेलांच्या ते ध्यानात आलं की नाही कोण जाणे. बर्फाच्या पेटीसकट स्कूटर आडवी झालेली पाहून ते दावं धरायला धावले. तीन-चार पावलं गेले असतील, त्यांचा उजवा गुडघा वाकला आणि ते मातीत बसले, थेट वळूच्या वाटेत.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सोक्कन थांबला होता. भरधाव येणारं ते धूड त्यांच्यापाशी येऊन उभं होतं, त्यांचा खांदा हुंगत होतं. तंगवेलांनी त्याच्या शिंगाला धरलं. त्यानं मान जराशी वर केली आणि ते त्या आधारानं उठून उभे राहिले. सवयीची गोष्ट असावी, तसं दोघांनीही ते केलं.

सेल्वी दारातूनच म्हणाली, “त्या दिवशीही हेच झालं.”

“गप्प बस,” तंगवेल म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

सेल्वी गप्प बसली नाही. दरवर्षी तंगवेल स्वतः सोक्कनला दारापर्यंत नेत, कानात काहीतरी बोलत, वेसण सोडत, आणि तो सुटला की कुंपणाबाहेरून हाका मारत त्याच्याबरोबर पळत. ती हाक ऐकत तो मैदान पार करायचा. त्या वर्षी गुडघा गेला होता. दाराशी पुतण्यानं नेलं, तंगवेल काठी घेऊन पार पलीकडच्या कुंपणाशी बसले, त्या गलक्यात तिथून हाक पोचेना. “हा बाहेर आला तर ओळखीची हाक नाही. म्हणून थांबला. यांना शोधत होता. दिसले तसा चालत यांच्याकडे आला. मोबाइलवाल्यांनी तेवढंच कापून टाकलं.”

मी तंगवेलांकडे पाहिलं. ते वळूच्या कपाळावर हात फिरवत होते. “काय सांगू लोकांना?” ते म्हणाले. “की माझ्याच्यानं पळवत नाही म्हणून माझ्या वळूचं हसं झालं? त्यापेक्षा सुईचं नाव बरं होतं.”

डॉ. मलर कठड्यामागून बाहेर आल्या होत्या. त्यांना तेव्हा बरंच काही बोलता आलं असतं. मालकाचा हात कपाळावर आहे तोवर त्यांनी बाजूनं येऊन वळूची मान चाचपली. “गाठ नाही,” त्या म्हणाल्या.

“केव्हाच विरली,” तंगवेल म्हणाले. “लिंबाएवढीसुद्धा नव्हती. चिंचोक्याएवढी.”

करार त्याच ओट्यावर ठरला. तंगवेलांनी तक्रार मागे घ्यायची. भरपाई कुणी कुणाला द्यायची नाही. पावसाळ्याआधीच्या लसीकरण शिबिरात गावादेखत सगळ्यांत आधी सोक्कनला लस टोचून घ्यायची, आणि ती डॉ. मलर यांच्याच हातून. इथवर सगळं भराभर झालं. मग तंगवेल म्हणाले, “माझीही एक अट आहे. डॉक्टरम्मांनी लिहून द्यायचं की वळू धोकादायक आहे.”

डॉक्टरबाईंनी लिहायला घेतलं, “सदर वळू निरोगी असून अनोळखी माणसांसाठी धोकादायक ठरू शकतो.”

“ठरू शकतो?” तंगवेल म्हणाले. “तुमची स्कूटर बघा.”

त्या एका वाक्यावर आमची दुपार गेली. डॉक्टरबाई म्हणत, शास्त्रीय भाषेत याहून जास्त लिहिता येत नाही. तंगवेल म्हणत, शास्त्र मघाशी विहिरीमागे होतं. शेवटी मजकूर ठरला, “सदर वळू पूर्णपणे निरोगी असून, माझ्या प्रत्यक्ष अनुभवानुसार, अत्यंत धोकादायक आहे.” माझ्या सगळ्या कारकिर्दीत एखाद्या बाजूनं स्वतःविरुद्ध एवढा कडक मजकूर इतक्या हट्टानं मागून घेतलेला मी पाहिला नाही. वकिलानं गंजीवरून उतरून सही केली. पुढे तो कागद पितळी चौकटीत घड्याळांच्या मधोमध लागला.

आमच्या धंद्यात एक खंत कायमची असते. सह्या झाल्या की माणसं उठून जातात. करार आयोगाकडे जातो, आणि त्यांचं पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही. भाऊ पुन्हा बोलू लागले का, सून परत आली का, कोण सांगणार? या खेपेला मी ठरवलं की जाऊन पाहायचं. शिबिराच्या दिवशी सकाळची बस धरली. साडी नायलॉनची नेसले.

शिबिर देवळासमोरच्या पटांगणात होतं. माणसं भरपूर होती. जनावरं मात्र जवळजवळ नव्हतीच. सगळे हात बांधून उभे, मोबाइल तयार. सोक्कनचं काय होतं ते पाहायला आले होते. सरकारी कर्मचारी टेबलामागे रिकामे बसलेले. मग रस्त्यावरून तंगवेल आले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वेसण, मागे सेल्वी. गुडघ्यामुळे ते सावकाश चालत होते आणि सोक्कन त्यांच्या चालीनं चालत होता.

डॉ. मलर पुढे झाल्या. स्कूटर त्यांनी शहाणपणानं लांब ठेवली होती. सोक्कननं त्यांना पाहिलं आणि मान खाली घातली. गर्दी मागे सरकली. तंगवेलांनी त्याच्या डोळ्यावर तळवा ठेवला, कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलले. वळूचं सगळं अंग थरथरत होतं, पण तो हलला नाही. सुई आत गेली, बाहेर आली. डॉक्टरबाईंनी जागा चोळली आणि सावकाश मागे आल्या.

कुणीतरी मागून म्हणालं, “झालं. आता हा परत झोपणार.” दोन-चार लोक हसले.

तंगवेल वळले. मला वाटलं, आता दूधवाला आणि कौलं निघणार. ते काठीवर भार देऊन उभे राहिले आणि म्हणाले, “त्या दिवशी सोक्कन झोपला नव्हता. माझा गुडघा गेलाय. मी पळू शकलो नाही, माझी हाक त्याच्यापर्यंत पोचली नाही. तो मला शोधत थांबला होता. सुईचा दोष नव्हता आणि त्याचाही नव्हता.”

हे करारात कुठेही नव्हतं. मी त्यांना सुचवलंही नव्हतं. डॉ. मलर यांनी माझ्याकडे प्रश्नार्थक पाहिलं, मी नकारार्थी मान हलवली.

एक म्हातारी आपली गाय घेऊन टेबलाकडे निघाली. तिच्यामागून एक माणूस घराकडे वळला आणि दोन म्हशी घेऊन आला. मग रांग लागली, धुळीत, शेणात, एकमेकांवर ओरडत. त्या पावसाळ्यात पलीकडच्या गावांत लाळ्या-खुरकूत आला. या गावातही थोडी जनावरं आजारी पडली, पण गोठे ओस पडले नाहीत. सोक्कन त्यानंतर जल्लिकट्टूत उतरला नाही. तंगवेल म्हणाले, निवृत्ती मालकानं घेतली, वळूनं नव्हे.

पण मी शिबिराचं सांगत होते. रांग संपत आली तेव्हा तंगवेल देवळाच्या पायरीवर गुडघा धरून बसले होते. डॉ. मलर हात धुऊन त्यांच्यापाशी आल्या. तंगवेलांनी थोडा संकोच करत विचारलं, “डॉक्टरम्मा, गुडघ्याला काही सुई असते का?”

“असते, अय्या. पण मी फक्त जनावरांची डॉक्टर आहे.”

सेल्वी सोक्कनला पाणी दाखवत होती. मागे न वळता म्हणाली, “मग चालेल. द्या.”

सगळ्यांत आधी तंगवेलच हसले.